डोंगराकडची खिडकी

समुद्राकाठच्या रस्त्याला लागायच्या आधीच दादाने समुद्राला नावं ठेवून घेतली.

"असतं काय त्यात एवढं? पाणी. तेही खारट. ना पिता येतं, ना रेडिएटरमध्ये ओतता येतं."

"मग हमरस्ता सोडून इकडे कशाला वळलात?" मागून वहिनीने विचारलं. "त्या रस्त्याने जेवायच्या वेळेला पोचलो असतो."

ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, तिथे दादा गिअर बदलतो. त्याने गिअर बदलला. चढ नव्हता, उतार नव्हता. गाडी बिचारी गोंधळून एकदा खाकरली आणि पुढे निघाली.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. दादाच्या धाकट्या भावाला नोकरी लागली होती. हा रस्ता जिथे संपतो त्या शहरात बस बनवायचा मोठा कारखाना आहे, तिथे त्याला उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी, दोन ट्रंका, एक गादी आणि एक पंखा घेऊन मागे बसले होते. 'मी सोडतो, आपल्या गाडीने,' असं दादानेच सांगितलं होतं आणि मुद्दाम लांबचा रस्ता धरला होता. हमरस्त्यावर माणसाचं मन फिरायला वेळच मिळत नाही, भुर्रकन शहर येतं. धाकट्याने परत फिरावं, एवढं एकच दादाला हवं होतं. पण 'थांब' हा शब्द दादाच्या तोंडाला सवयीचा नव्हता. पाठ फिरवून गेलेल्या गिऱ्हाइकालाही तो कधी थांब म्हणाला नाही. मग ज्याला पाना कुठल्या हातात धरायचा हे शिकवलं त्याला काय म्हणणार? त्याचं त्याने ओळखायला हवं. तेवढी अक्कल नसेल तर जाऊ दे खड्ड्यात.

आता दादा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. सातवीत शाळेने दादाला सोडलं की दादाने शाळेला, यावर मास्तरांचं एक मत होतं आणि दादाचं एक, आणि दादाचं खरं. वडिलांची बसच्या बॉडी बांधायची शेड होती. नुसता सांगाडा यायचा, म्हणजे चाकं, इंजिन आणि वर उघडं आभाळ. त्यावर भिंती, छप्पर, खिडक्या, बाकं चढवून बस बाहेर पडायची. वडील गेले तेव्हा दादाला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या वयात दुसरी पोरं आरशासमोर भांग पाडतात. दादा छपराला रिव्हेट मारत होता. पत्र्यावर टिचकी मारली की त्याला जाडी कळते. त्याने बांधलेलं छप्पर आजवर गळलेलं नाही. एकदा एका बसचं गळलं होतं, पण ती चालवणारा माणूसच मुळात रडका होता.

आणि दादाचं नाक! मोडेल पण खाली होणार नाही असं नाक. त्याच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात, एक ज्यांना पत्र्याचं काम येतं ती आणि दुसरी बाकीची. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, दुकानदार, पोलीस, शेजारी आणि बायकोचं सगळं माहेर हे दुसऱ्या प्रकारात.

ही घरगाडी त्याने मोडीत निघालेल्या एका शाळेच्या बसमधून उभी केली होती. लोक कॅराव्हॅन म्हणतात, पण दादा म्हणतो घरगाडी, कारण कॅराव्हॅन विकत मिळते आणि घर बांधावं लागतं. आत दोन घडीचे पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, कपाटाएवढा संडास. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खिडकी. एकसंध काच, अशी रुंद की माणूस आडवा निजला तर डोक्यापासून पायापर्यंत दिसावा. खाली बसायला गादीचं बाक. वहिनीला लग्न झाल्यापासून समुद्र बघायचा होता. दादा तिला म्हणाला होता, "लोक समुद्र बघायला जातात आणि वाळूत बसून कपडे घाण करून येतात. तू बघशील तर राणीसारखी बघशील. घरात बसून, हातात कप घेऊन."

वहिनी त्या बाकावर सकाळपासून बसली होती. शेजारी धाकटी. हातात कपही होते.

एका वळणावर डोंगर बाजूला झाला आणि समुद्र आला.

उजवीकडे आला. खिडकी डावीकडे होती.

खिडकीतून डोंगर दिसत होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा दूर कुठला, काचेला नाक लावून उभा होता. खडक, खडकातून पाझरणारं पाणी, खाली गटार, पुन्हा खडक. मधेच एक वाळकं झुडूप यायचं, आणि धाकटी उगाचच "अगंबाई" म्हणायची, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

उजव्या अंगाला ओटा, कपाट, संडास आणि सलग पत्रा. शेगडीचा धूर जायला विटेएवढा झरोका तेवढा होता. म्हणजे अख्ख्या गाडीत समुद्र दिसत होता तो स्टिअरिंगवर बसलेल्या एकट्या दादाला.

असं झालं कसं? तर त्यांच्या शेडमध्ये गाडी लावायची एक रीत होती. उजवी बाजू भिंतीला, डावी बाजू अंगणाला. वडिलांनी पहिली गाडी तशी लावली, मग सगळ्या तशाच. अंगणातून उजेड येतो, अंगणातच गिऱ्हाईक उभं राहतं, त्याला डावी बाजू दिसते. म्हणून सगळं देखणं काम डाव्या अंगाला. दार तिकडे, रंगाची नक्षी तिकडे, पाहिजे त्या खिडक्या तिकडे. भिंतीकडची बाजू फक्त उरकायची. घरगाडी बांधताना धाकट्याने उजव्या पत्र्यावर खडूने मोठा चौकोन मारला होता. "दादा, खिडकी इकडे घेऊ. जाताना समुद्र इकडून येतो." दादाने बाहीने खडू पुसून टाकला. "खिडकी डावीकडे असते," तो म्हणाला, सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं.

आता धाकटा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. दादाला ते जास्त झोंबलं. बोलला असता तर त्याचं तोंड बंद करता आलं असतं; गप्प बसलेल्या माणसाचं काय बंद करणार?

"दादा, समुद्र दिसतोय का हो?" धाकटीने हळूच विचारलं.

"दिसतोय."

"कसा आहे?"

दादाने बघितलं. ऊन पडलं होतं, लांबवर पाणी नुसतं चकाकत होतं. "आहे. पाणी आहे. खूप पाणी आहे."

"आणि?"

"आणि काय? पडलंय. एवढा मोठा असून कामाचा काही नाही. किनाऱ्यापर्यंत येतो आणि परत जातो, येतो आणि परत जातो. आपल्या गल्लीतल्या तलाठ्यासारखा."

"लाटा?"

"लहान आहेत. आवाज मात्र बघ. उथळ पाण्याला खळखळाट फार."

वहिनी उठली, ओट्याशी गेली आणि झरोक्याला डोळा लावला. गाडी एका खड्ड्यातून गेली, कपाळ पत्र्यावर आपटलं. "निळं आहे," ती कपाळ चोळत म्हणाली. "विटेएवढं निळं आहे."

धाकटी खुदकन हसली. मग धाकटा हसला. मग वहिनीही हसायला लागली, आणि समोरच्या आरशात दादाला तिघांचे दात दिसले. त्याने पुन्हा गिअर बदलला.

"हसा," तो म्हणाला. "फुकटात समुद्र दाखवायला आणलं त्याला हसा. त्या कारखान्याच्या बस बघ म्हणावं, एक खिडकी उघडेल तर शपथ. बस बांधत नाहीत ते, नुसती जुळवतात. एक माणूस जन्मभर एकच बोल्ट आवळतो. सकाळी आवळतो, दुपारी आवळतो, आणि म्हातारपणी घरी जाऊन बायकोचे कान आवळत असेल. कारण हाताला दुसरं काही येतच नाही."

"मला वेल्डिंगला घेतलंय," धाकटा म्हणाला.

"मग जन्मभर एकच टाका मारशील."

दुपारी रस्त्याच्या बाजूला गाड्या उभ्या करायला मोकळी जागा आली. कठड्यापलीकडे थेट खाली समुद्र. तिथे एक पांढरीशुभ्र कॅराव्हॅन उभी होती, भाड्याची, कंपनीचं नाव आणि फोन नंबर अंगावर मिरवणारी. दोन्ही बाजूंना खिडक्या. छत्रीखाली घडीच्या खुर्च्यांवर एक नवरा-बायको संत्री सोलत बसले होते. नवऱ्याची चड्डी गुडघ्याच्या वर आणि टोपी डोळ्यांच्या खाली.

"बघा," दादा उतरताना म्हणाला. "भाड्याचं घर आणि भाड्याची हौस. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. उद्या संध्याकाळी परत द्यायची, आणि ओरखडा पडला तर दंड. हे काय समुद्र बघणार? हे ओरखडा बघणार."

टोपीवाला मात्र चांगला माणूस निघाला, हेच दादाचं नशीब खोटं. तो उठून आला, घरगाडीभोवती फिरला, पत्र्यावर हात फिरवून म्हणाला, "वा! स्वतः बांधलीत? काय काम आहे!"

दादाची छाती इंचभर फुगली. "एक जोड दिसतोय का बघा. दिसला तर गाडी तुमची."

"नाही दिसत. खरंच नाही दिसत." तो डाव्या बाजूला आला, मोठ्या खिडकीत डोकावला, मग रस्त्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "पण ही खिडकी डोंगराकडे का हो घेतलीत?"

वहिनी खाली उतरत होती, ती पायरीवरच थांबली. धाकट्याने कठड्याकडे तोंड फिरवलं.

"समुद्र काय, कुणीही बघतो," दादा म्हणाला. "आम्ही डोंगरवाले आहोत."

"असं का," टोपीवाला म्हणाला. त्याला ते खरं वाटलं, म्हणून त्याने आणखी विचारलं, "म्हणजे अभ्यास वगैरे आहे? दगडांचा?"

"आहे ना," वहिनी म्हणाली. "घरी पण एक दगड पाळलाय."

धाकटी तोंडाला पदर लावून गाडीच्या मागे पळाली. टोपीवाला काही न कळून हसला आणि संत्र्याकडे परत गेला. दादाने ठरवलं, असल्या माणसांशी बोलणंच चूक. आपल्या पायरीखाली उतरून बोललं की असं होतं.

धाकटा कठड्यावर बसून खाली बघत होता. दादा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. थोडा वेळ त्याने घसा साफ केला, मग पलीकडे थुंकला, मग पुन्हा घसा साफ केला.

"पाटीवर तुझं नाव घालतो," तो एकदम म्हणाला.

"कुठल्या पाटीवर?"

"शेडच्या. माझ्या खाली."

"खाली?"

"बारीक अक्षरात. पण घालतो."

धाकटा हसला. वाईट नाही हसला, पण हसला.

"दात काढायला काय झालं? तिथे कुठे घालणार आहेत तुझं नाव? खिशाला बिल्ला लावतील. हरवलेल्या गुराच्या गळ्यात असतो तसा."

"नावासाठी नाही चाललो, दादा."

"मग कशासाठी? बघ, मी काही तुला अडवत नाही. तू गेलास तर मला दुसरे छप्पन्न मिळतील. मी आपला विचारतोय, माणसाने एवढं स्वतःचं सोडून दुसऱ्याच्या दारात का जावं?"

धाकटा म्हणाला, "तिथे गाडी मधोमध उभी असते."

"म्हणजे?"

"शेडच्या मधोमध. मुलाखतीला गेलो तेव्हा बघितलं. चारी बाजूंनी मोकळी. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. नुसतीच. कुणी काही म्हणालं नाही."

"मग चकरा मारायला नोकरी धरलीस? आपल्याकडे मार की. अंगण पडलंय एवढं."

"दादा, भिंतीकडची बाजू कोण करतो?"

"तू."

"कधीपासून?"

"लागलास तेव्हापासून. बारीक होतास, त्या फटीत मावायचास."

"आता बारीक आहे मी?"

दादाने बघितलं. धाकट्याचे खांदे दादापेक्षा रुंद झाले होते. हे केव्हा झालं कोण जाणे. रोज बघतो त्या माणसाकडे माणूस बघत नाही.

"आडवा होऊन शिरतो मी," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच दादाला आवडलं नाही. "छाती पत्र्याला, पाठ भिंतीला. उन्हाळ्यात पत्राही तापतो आणि भिंतही तापते. माझे सगळे शर्ट पाठीतच फाटतात, विचार तिला. वाकून टाका बघायला जागा नाही, अंदाजाने मारतो. आणि तिथून अंगण दिसत नाही, पण ऐकू येतं. तू गिऱ्हाइकाला सांगतोस ना, 'एक जोड दिसतोय का बघा.' ते ऐकू येतं. मी तेव्हा पलीकडे असतो."

"मग सांगायचं होतंस. गाडी उलटी लावली असती. मागची बाजू आत, म्हणजे भिंतीला डावं अंग आलं असतं. एवढं सोपं."

"सांगितलं होतं."

"केव्हा?"

"दरवेळी. तू म्हणायचास, गाडी अशीच लावतात."

दादा काही तरी बोलणार होता. त्याच्याकडे बोलायला नेहमी असतंच. नाचता येईना अंगण वाकडं, हे तोंडापर्यंत आलं होतं. पण अंगण खरंच वाकडं होतं की काय, असा एक नकोसा विचार मधे आला आणि म्हण तोंडातच राहिली. त्याने खिशातून किल्ली काढली आणि धाकट्याच्या मांडीवर टाकली.

"तूच चालव पुढे."

धाकटा किल्लीकडे बघत राहिला. घरगाडीच्या स्टिअरिंगला आजवर दादाशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. पुसायलासुद्धा नाही.

"बघतोस काय? नोकरी तुझी, मी कशाला माझे गुडघे झिजवू? आणि क्लच हळू सोड. ती बस आहे, तुझ्या सासऱ्याची म्हैस नाही."

मागे बाकावर वहिनी आणि धाकटीच्या मधे दादा बसला. खिडकी समोर. ही काच त्याने स्वतः बसवली होती; बसवताना बाहेर अंगण होतं, ऊन होतं, आणि दोन गिऱ्हाइकं तोंडात बोट घालून उभी होती. आता बाहेर खडक होता. ओला, काळा, हात बाहेर काढला तर सोलून निघेल इतक्या जवळ. गाडी चालली होती आणि तरी काही बदलत नव्हतं. खडक गेला की खडक यायचा. दादाने मान वाकडी करून वर आभाळ दिसतं का बघितलं. दिसत नव्हतं. इंजिन तापल्यावर पत्रा तापतो, तसा आत उकाडा वाढला. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"कसा काय देखावा?" वहिनीने विचारलं.

"उत्तम."

"कप देऊ का हातात?"

"गप बस."

पुढून धाकट्याचा आवाज आला. "दादा!"

"काय?"

"पाणी आहे. खूप पाणी आहे."

वहिनी आणि धाकटी इतक्या हसल्या की धाकटीच्या कपातला चहा दादाच्या मांडीवर सांडला. दादा रागावला नाही, म्हणजे रागावला, पण नेहमीसारखा नाही. चहा पुसता पुसता त्याने विचारलं, "मधल्या गिअरला आवाज करतेय का ती?"

"नाही करत."

"मग तू ऐकत नाहीयेस. रस्त्याकडे बघ. समुद्र काय पळून जात नाही."

धाकटा चालवत होता ठीक. ठीकच. वळणं बरी घेत होता, ब्रेक उशिरा दाबत होता, आरशात गरजेपेक्षा जास्त बघत होता. एकदा समोरून मोठा ट्रक आला तेव्हा त्याने गाडी डोंगराला अशी अलगद चिकटवून उभी केली की काच आणि खडक यांच्यात बोट गेलं नसतं, आणि ओरखडा नाही. दादाच्या तोंडून शिवी निघायला हवी होती. तो खडकाकडे बघत राहिला. ट्रक निघून जाईपर्यंत सगळा वेळ त्याच्या नाकासमोर दगड होता, पाठीला बाकाची फळी होती, आणि पलीकडून, समुद्राकडून, ट्रकवाला धाकट्याला काही तरी ओरडून सांगत होता. सगळं ऐकू येत होतं. दिसत काही नव्हतं.

"अजून किती आहे हा डोंगर?" दादाने विचारलं.

"शहरापर्यंत," धाकटा म्हणाला.

"बांधला कुणी एवढा लांब," दादा पुटपुटला. "कंत्राटी काम दिसतंय."

त्यानंतर तो बोलला नाही. वहिनीने दोनदा त्याच्याकडे बघितलं. इतका वेळ गप्प तो फक्त झोपेत असायचा, आणि झोपेतही घोरून आपलं मत सांगायचा.

शहर आलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. भाड्याची खोली कारखान्याच्या मागच्या गल्लीत होती, पण दादा म्हणाला, "आधी कारखाना दाखव."

"आत्ता कशाला? उद्या जायचंय मला."

"दाखव म्हणतो ना."

फाटकाशी पाळी सुटत होती. एकसारखे कपडे घातलेली माणसं लोंढ्याने बाहेर पडत होती, कुणी सायकलवर, कुणी चालत. फाटकाला लागून काचेची चौकी, आणि चौकीत एक पहारेकरी, नुकताच दाढी करायला लागलेला, टोपी त्याच्या डोक्याला एक माप मोठी. घरगाडी पुढ्यात येऊन थांबली तसा तो बाहेर आला.

"ओ, गाडी पुढे घ्या! इथे उभी करायची नाही."

दादा मागच्या दारातून उतरला, शर्टाचं बटण लावलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कुणाला भेटायचंय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"भेटायचं कुणाला नाही. द्यायचंय."

"काय द्यायचंय?"

"हा." दादाने मान न वळवता अंगठा मागे केला. स्टिअरिंगवर धाकटा कपाळावर हात मारून बसला होता. "माझा भाऊ. उद्यापासून तुमच्याकडे येतोय. वेल्डिंगला."

"मग उद्या सकाळी पाठवा. आत्ता साहेब नाहीत."

"तुमच्या साहेबाचं तोंड मला बघायचंही नाही. तू ऐक आणि त्याला सांग." पाळीवरून सुटलेली दोन-चार माणसं सायकलवरून उतरून थांबली. दादाचा आवाज शेडमधला होता, ग्राइंडर चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावा म्हणून घडलेला. "ही गाडी बघ. ये इकडे, लांबून काय बघतोस? इकडच्या बाजूने ये. ही उजवी बाजू. ही याने केलीय. उजेड नसताना, वाकायला जागा नसताना, अंदाजाने टाके मारून केलीय. एक जोड दाखव मला. तुमच्या अख्ख्या कारखान्यात दिवे लावून बघितलंत तरी असा पत्रा मिळायचा नाही. मधोमध गाडी उभी करून, चारी बाजूंनी फिरून काम काय, माकडही करेल."

"दादा," धाकटा खाली उतरून आला. त्याचे कान लाल झाले होते. "दादा, चल ना. लोक बघतायत."

"बघू देत. फुकट आहे." दादा पुन्हा पहारेकऱ्याकडे वळला. "तर साहेबाला सांग, याला कोपऱ्यात उभा करायचा नाही. एकच टाका मारायला लावायचा नाही. एका बाजूचं काम देऊन ठेवायचं नाही. नाही तर मी येऊन परत घेऊन जाईन, आणि मग बसा बोल्ट आवळत."

पहारेकऱ्याने टोपी वर सरकवली. तो सुटीच्या वेळेला कंटाळलेला माणूस होता, आणि मागे एक ट्रक भोंगा वाजवत होता.

"काका," तो म्हणाला, "इथे सोडायला येणारा प्रत्येक जण आपल्या माणसाबद्दल असंच सांगतो."

"प्रत्येक जण खोटं सांगतो," दादा म्हणाला. मग धाकट्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, जरा जास्तच जोरात, आणि त्याच्यावरच ओरडला, "आता उभा काय राहिलास? गाडी पुढे घे. ट्रकवाल्याला वाटेल आपल्याला चालवता येत नाही."